तिसऱ्या मजल्याचं बटण

१

गाडी हातभर लांबीची होती. तिला अडवायला अठ्ठावन्न वर्षांचा माणूस भर शर्यतीत ट्रॅकवर उतरला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, लिफ्टकाकांचं डोकं फिरलं.

बाजारामागच्या पार्किंगची सर्वांत वरची गच्ची रविवारी सकाळी रिमोटच्या गाड्यांच्या क्लबला मिळायची. रबरी पाइप अंथरून ट्रॅक आखायचा, कठड्याशी लाकडी मचाण मांडायचं आणि त्यावर उभं राहून चांगल्या कर्त्यासवरत्या माणसांनी खेळण्यातल्या गाड्या पळवायच्या. लिफ्टकाकांनी स्वतः गाडी चालवणं सहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं. तरी एक रविवार चुकवत नसत. पाण्याच्या टाकीजवळ उभे राहायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे निरखायचे आणि शर्यती संपल्या की निघून जायचे. का येतात ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नसे.

त्या दिवशी एक पिवळी गाडी टाकीजवळच्या वळणावर उगाचच मंदावली आणि काकांना तिच्या दारावर चिकटवलेलं डेकल, म्हणजे स्टिकर, दिसलं. लिफ्टच्या बटणांची पट्टी. एक ते आठ आकडे, गोल गोल बटणं, त्यातलं एक लाल पेटलेलं.

पुढच्या क्षणी काका पाइप ओलांडून आत होते. दोन गाड्या त्यांच्या घोट्यांवर आदळल्या, तिसरी उलटी झाली, मचाणावरून शिव्या आल्या. काकांनी पिवळी गाडी उचलली. तिची चाकं हवेत गरगर फिरत होती. मागच्या बंपरवर बारीक अक्षरं होती: ‘कृपया पुढच्या लिफ्टची वाट बघावी.’

काकांच्या मुलीनं वयाच्या पंधराव्या वर्षी स्वतःच्या गाडीसाठी हे डेकल काढलं होतं. बाप लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून बटणं, आणि मागे पडलेल्यांना चिडवायला ती पाटी. ते कुठल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापून आलं नव्हतं, दुकानात मिळत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मुलगी नाहीशी झाली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

गाडीचा मालक धापा टाकत मचाणावरून उतरला. चष्म्याचं दुकान चालवणारा पंचविशीतला तरुण. एके काळी मुलीच्या बरोबरीनं गाड्या पळवायचा.

“काका, द्या ना गाडी. लोक चिडलेत.”

“कुठून आली ही?”

“सेक्रेटरींनी दिली. जुन्या सामानात पडली होती.” हे बोलताना तो काकांकडे बघत नव्हता, स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

काकांनी गाडी छातीशी धरली. “आठ दिवस माझ्याकडे राहू दे. हात जोडतो.”

आश्चर्य म्हणजे चष्मेवाल्यानं एका शब्दानंही हरकत घेतली नाही.

जिना उतरताना काकांनी दाराची पट्टी पुन्हा डोळ्यांजवळ नेली आणि थबकले. मुलीच्या गाडीवर पाचवं बटण पेटलेलं असायचं, कारण त्यांचं घर पाचव्या मजल्यावर. या गाडीवर तिसरं पेटलं होतं.

२

स्टिकरवाली ताई रविवारीही दुकान उघडं ठेवायची. दुकान कसलं, एका गाळ्यात कापायचं मशीन, भिंतीला टेकून उभी केलेली रंगीत व्हिनाइलची भेंडोळी आणि मधे काचेचं टेबल. शटरवरची नावं, स्कूटरचे नंबर, दवाखान्यांच्या वेळा, सगळं ती कापून द्यायची. क्लबमधले लोकही तिच्याचकडे यायचे. तीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलची डेकलं मिळत नाहीत म्हणून रडवेले होऊन यायचे, आणि ही एखाद्या पुसट फोटोवरून अख्खा ताव उभा करून द्यायची. कुठली रेघ मूळची आणि कुठली नकलेची, हे तिला बघताक्षणी कळतं, अशी तिची ख्याती होती.

काकांनी गाडी टेबलावर ठेवली.

“आधी बसा,” ताई म्हणाली. “पाणी प्या. मग सांगा.”

काकांनी सांगितलं. परीक्षेच्या दिवशी मुलगी परीक्षेला न जाता शर्यतीला गेली होती. शनिवारी संध्याकाळी हे कळलं. पर्यवेक्षकाची सही नसलेलं हॉल तिकीट हातात घेऊन ते तिच्या खोलीत गेले, ती काही बोलली नाही, आणि न बोलण्याचाच त्यांना राग आला. टेबलावरची तिची निळी गाडी त्यांनी जमिनीवर आपटली आणि बुटाखाली चुरडली. रविवारी पहाटे मुलगी घरात नव्हती.

“मीच तिला गाडी चालवायला शिकवलं होतं हो,” काका म्हणाले. “सहा वर्षं झाली. पोलीस दमले, नातेवाईक दमले. बायको तर बोलतच नाही त्याबद्दल. मला फक्त एवढं सांगा, हे कुणी केलंय.”

ताईनं भिंग काढलं. बराच वेळ ती दारावर वाकून होती.

“हे छापलेलं नाही, काका. कापलेलं आहे. एकेका रंगाचा तुकडा वेगळा कापून एकावर एक बसवलाय. आणि फार तर दोन-तीन महिन्यांपूर्वी.”

“कशावरून?”

“जुन्या स्टिकरच्या कडेला धूळ धरते. काळी रेघ पडते. इथे बघा, कडा स्वच्छ.”

काकांनी टेबलाची कड घट्ट धरली. “म्हणजे ती जिवंत आहे?”

ताईनं भिंग खाली ठेवलं. खोटा धीर देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“हे ज्यानं केलंय तो जिवंत आहे. एवढंच मी आत्ता म्हणू शकते.”

३

घरी गेल्या गेल्या काकांनी गाडी बायकोसमोर ठेवली.

ती खिडकीशी बसली होती. आजकाल तिथेच बसायची. वाचन सुटलं होतं, शिवण सुटलं होतं. महिन्यातून एका गुरुवारी बहिणीकडे जायची, तेवढंच काय ते बाहेर.

“बघ,” काका म्हणाले. “बघ काय सापडलं.”

तिनं मान वळवली, पण नजर गाडीवर टिकली नाही. हात मात्र पुढे आला. तिनं गाडीच्या टपावर बोटं ठेवली, ती हळूहळू डावीकडे नेली, खिडकीच्या खांबावरून खाली उतरवली आणि दाराच्या बटणांवर थांबवली.

“खेळणं आहे,” ती म्हणाली.

“खेळणं? अगं, डेकल बघ! तिचं आहे. आपल्या पोरीचं आहे!”

“मग शोधा,” ती म्हणाली. “कुणी केलं, कसं केलं, सगळं शोधून काढा. मला नका विचारू.”

काकांच्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षं हेच. ते दारोदार फिरत होते, दवाखान्यांच्या याद्या वाचत होते, अनोळखी मुलींच्या मागे स्टेशनपर्यंत जात होते, आणि ही भिंतीसारखी गप्प.

“तुला कधी काही वाटलंच नाही का गं? आई आहेस ना तू?”

ती चहा ओतायला उठली. किटली तिनं कपावर धरली आणि चहा कप भरून बशीत, बशीतून ओट्यावर वाहत गेला. काकांना वाटलं, बोलणं लागलं म्हणून हात थरथरला. ते फडकं घ्यायला उठले.

पाठमोरी उभी राहून ती म्हणाली, “ती असेलही कुठेतरी. पण तुम्ही समोर गेलात तर थांबेल का, याचा विचार केलाय कधी?”

फडकं काकांच्या हातातच राहिलं. कारण हा विचार त्यांनी केला होता. रोज.

४

सोमवारी ताईनं दुपारचं दुकान बंद ठेवलं आणि काकांबरोबर सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरी म्हणजे क्लबचा जुना माणूस. एक अख्खी खोली त्यांनी गाड्यांनी, खोक्यांनी आणि फोटोंच्या वह्यांनी भरली होती, आणि जगात आपल्याइतका संग्रह दुसऱ्या कुणाकडे नाही, हे ते पाहुण्याला बसायच्या आत सांगत.

“तुमच्या मुलीची गाडी? फोटो आहे ना माझ्याकडे. त्या वर्षीच्या अंतिम शर्यतीचा.” त्यांनी वही उघडली. निळी गाडी, दारावर पट्टी, पाचवं बटण लाल. शेजारी मुलीचे हात, रिमोट धरलेले. चेहरा फोटोच्या बाहेर राहिला होता. काकांनी त्या हातांवरून अंगठा फिरवला.

ताईचं लक्ष दुसरीकडे होतं. “तुम्हीही डेकलं बनवता ना?”

“छापतो. पारदर्शक कागदावर. जुन्या विजेत्या गाड्यांची मालिका काढतोय.”

“मग ही गाडीही तुम्हीच केलीत?”

“छे!” सेक्रेटरी दुखावले. “मी केली असती तर तिसरं बटण लाल केलं असतं का? फोटो समोर असताना? माझ्या कामात असली चूक सापडली तर कान कापून देईन.”

“आणि चष्मेवाल्याला ही गाडी तुम्ही दिलीत?”

“मी? मी माझ्या खोलीतलं मोडकं चाकही कुणाला देत नाही, बाई. विचारा कुणालाही.”

हे मात्र खरं होतं. क्लबमध्ये त्यांच्या कंजूषपणाच्या कथा चालायच्या.

बाहेर आल्यावर ताई फुटपाथवरच थांबली. “काका, नक्कल करणारा माणूस पाचच लाल करणार. कारण समोर पाच आहे. पाच का आहे, हे ज्याला ठाऊक आहे, तोच ते बदलू शकतो. म्हणजे ज्याचं घर आता तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यानं.”

काका तिच्याकडे वळले. “आणि चष्मेवाला खोटं बोलला.”

“खोटं बोलला,” ताई म्हणाली. “आणि ती वळणावर मंदावलेली गाडी. तुम्ही म्हणालात ना, उगाचच? चला.”

५

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तरुणानं दोघांना एकत्र बघितलं आणि हातातली फ्रेम खाली ठेवली.

“सेक्रेटरींनी गाडी दिली नाही,” ताई म्हणाली.

“नाही.”

“मग कुणी दिली?”

“शब्द दिलाय मी. नाही सांगता येणार.”

काकांचा तोल सुटला. काउंटरवरून हात घालून त्यांनी त्याची कॉलर धरली. काचेवरच्या फ्रेम खडखडत खाली पडल्या. “तूच ठेवलीयेस ना तिला कुठेतरी? तेव्हापासून तुझा डोळा होता तिच्यावर! काय केलंस माझ्या पोरीचं? मेली असेल तर तसं सांग! पण सांग! मी सहा वर्षं ताटात वाढलेलं अर्धं टाकून उठतोय रे, ती कुठेतरी उपाशी असेल म्हणून!”

तरुणानं हात झटकला नाही. “मी तिला सहा वर्षांत पाहिलेलं नाही, काका. आईची शपथ.”

काकांची बोटं आपोआप सैल झाली. ते तिथल्याच स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. चष्मेवाल्याच्या डोळ्यांतही पाणी आलं. ताई खाली वाकून फ्रेम गोळा करत राहिली.

“नाव सांगू नकोस,” ती जरा वेळानं म्हणाली. “देणारा माणूस काय म्हणाला, तेवढं सांग. तेवढं न सांगायचा शब्द तर दिला नव्हतास?”

त्यानं थोडा विचार केला. “एक बाई आल्या होत्या. पिशवीतून गाडी काढली. म्हणाल्या, रविवारी ही ट्रॅकवर चालव. टाकीजवळ लिफ्टकाका उभे असतात. त्यांच्यासमोर हळू चालव, म्हणजे दारावरचं नीट दिसेल. त्यांनी मागितली तर देऊन टाक.”

काकांनी डोळे पुसले. गाडी त्यांना योगायोगानं दिसली नव्हती. कुणीतरी ती त्यांना दाखवली होती.

“कशी होती बाई? तरुण?”

तरुणानं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

६

मंगळवारी सकाळी ताईनं केसांचा ड्रायर लावून बॉनेटवरचं एक डेकल गरम केलं आणि ब्लेडच्या टोकानं उचललं.

“पाठ बघा. राखाडी. असलं व्हिनाइल गाडीच्या छंदाला कुणी वापरत नाही, जाड असतं. हे जुन्या बोर्डावर चिकटवतात, खालची अक्षरं दिसू नयेत म्हणून. आणि लाल बटण रस्त्यावर चमकणाऱ्या पट्टीचं आहे, रुग्णवाहिकांवर लावतात ती. दोन्हींचे तुकडे उरतात ते एकाच ठिकाणी, मोठ्या गाड्या रंगवून अक्षरं लावतात त्या कारखान्यात. आता प्रश्न असा, की राखाडी पाठीचं मुद्दाम का? खाली झाकण्यासारखं काय होतं?”

तिनं डेकल पूर्ण ओढून काढलं. पिवळ्या प्लास्टिकवर एक भेग होती, आतून जाळीची पट्टी लावून सांधलेली. भेगेच्या पोटात निळा रंग अडकला होता.

काका खाली वाकले.

“या गाड्यांची बॉडी पारदर्शक असते, रंग आतून देतात. आधीचा रंग कुणीतरी खरवडून काढला, पिवळा दिला. पण भेगेतला निळा निघाला नाही. काका, ही दुसरी गाडी नाही. हीच ती. तुम्ही चुरडलेली.”

“शक्य नाही,” काका म्हणाले. “ते तुकडे मी माझ्या हातानं फेकले.”

“कधी?”

“सोमवारी. पोलिसांकडून परत आलो, तर ते अजून तिच्या खोलीत पडलेले. बघवेनात. पिशवीत भरले, गाठ मारली, दाराबाहेर कचऱ्यात ठेवले.”

“आणि मुलगी गेली रविवारी. म्हणजे पिशवी तिनं नेली नाही. कचरेवाल्यानं नेली असती, तर ती कचऱ्यात गेली असती. पण तुकडे तिच्यापर्यंत पोचले. म्हणजे ती कुठे आहे हे माहीत असलेल्या माणसानं ते पोचवले. तुमच्या दाराबाहेरची पिशवी परत आत घेणारं कोण असेल?”

गाळ्याबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती.

“काकूंना गाडी दाखवलीत तेव्हा त्या काय म्हणाल्या?”

“बघितलंसुद्धा नाही. नुसता हात फिरवला.”

“कसा? दाखवा.”

काकांनी बोटं टपावर ठेवली, डावीकडे नेली, खांबावरून खाली, दारापर्यंत. ताईनं तोच मार्ग धरून टपाचं आणि खांबाचं डेकल उचललं. सर्वांत मोठी भेग बरोबर त्याच वाटेनं गेली होती.

“वरून ही भेग हाताला लागत नाही. मी तीनदा बघितलंय. त्यांना ती कुठे आहे हे आधीच माहीत होतं.”

काका ताडकन उठले. त्यांचा चेहरा बघून ताई त्यांच्या आणि दाराच्या मधे उभी राहिली.

“सहा वर्षं!” काका म्हणाले. “एका ताटात जेवलो आम्ही! तिच्यासमोर रडलो मी!”

“जा, विचारा त्यांना. पण आधी एकच गोष्ट ऐका. सहा वर्षं ज्या माणसानं लपवलं, त्यानं आत्ताच का दाखवलं? आणि सांगायला इतकी माणसं असताना काकू चष्मेवाल्याकडे कशाला गेल्या?”

काका उंबऱ्यावर थांबले. त्यांना बशीतून वाहणारा चहा दिसला. सुटलेलं वाचन, सुटलेलं शिवण. गाडीवर न टिकणारी नजर.

“ताई,” ते अगदी हळू म्हणाले, “तिला दिसत नाही का हो?”

७

बायको खिडकीशीच होती. त्यांच्या पावलांचा आवाज ऐकून तिनं ओळखलं, की सगळं कळलंय.

काका समोर बसले. जिन्यात जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. “किती दिसतं?” एवढंच विचारलं.

“मधलं सगळं गेलंय. कडेकडेचं दिसतं. तुमच्याकडे बघितलं तर तुमचा चेहरा नसतो, कान असतात.” ती किंचित हसली. “त्या चष्मेवाल्या पोरानं तपासलं. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. वर्षभरात कडेचंही जाईल म्हणतात.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“काय काय सांगितलं नाही, त्यातलं हे सर्वांत लहान.”

मग तिनं सांगितलं. मुलगी गेली ती थेट मावशीकडे. चौथ्या दिवशी मावशीचा निरोप आला. काका शोधत मावशीच्या दारात गेले होते, मावशी नाही म्हणाली होती. तेव्हा मुलगी आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. आईला तिनं एकच सांगितलं: बाबांना कळवलंस, तर मी तुलाही दिसणार नाही. पुढे गाड्यांवर अक्षरं लावायच्या कारखान्यात ती काम शिकली, तिथेच टिकली. महिन्यातला गुरुवार तो तिच्याकडे जायचा.

“बूट आपटत तुम्ही खोलीत आलात ना, तो आवाज अजून ऐकू येतो म्हणते. गाडी मोडली म्हणून नाही गेली ती. तुमचा चेहरा बघून गेली. पुढचा पाय आपल्यावर पडेल असं वाटलं तिला.”

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“तुकडे मी पिशवीतून काढून ठेवले होते. दोन वर्षांपूर्वी नेऊन दिले. तिनं फेकले नाहीत. जोडत बसली. मध्यंतरी गेले तर फळीवर पूर्ण गाडी होती. कडेच्या नजरेनं बटण बघून मी विचारलं, तर म्हणाली, आता माझं घर तिसऱ्यावर आहे. पण पाचाच्या खाली खरवडल्यासारखं हाताला लागलं मला. आधी तिनं पाचच लाल केलं होतं. मग काढून टाकलं.”

“आणि तू गाडी चोरलीस.”

“उचलून आणली. तिला विचारलं नाही. तुम्हाला सांगायचं नाही असा शब्द होता. दाखवायचं नाही असा नव्हता.” तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “मला तुम्हा दोघांना एका खोलीत बघायचंय हो. कान तर कान. दिसतंय तोवर.”

रागावण्याचा हक्क आपल्याला आहे का, हे काकांनी मनाशी तपासून पाहिलं. आणि मग उठून तिच्या चपला शोधल्या.

८

इमारतीला लिफ्ट नव्हती. अरुंद जिना, मधल्या वळणावर अंधार. पहिल्याच पायरीला बायको अडखळली. गेल्या गुरुवारी इथेच पडले होते, म्हणाली. मुलीला सांगितलं की रस्त्यात ठेच लागली.

“मी इथे बसते. तुम्ही वर जा. तिनं दार लावून घेतलं तर परत या. जिन्यात आवाज करू नका.”

काकांनी तिला खालच्या पायरीवर बसवलं आणि तीन मजले चढले. चढताना पावलं हलकी टाकत होते. दारासमोर उभे राहिल्यावर परत फिरावंसं वाटलं. लिफ्टच्या अडकलेल्या पाळण्यातून त्यांनी कितीतरी माणसं काढली होती. दार उघडण्याची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

त्यांनी दार वाजवलं आणि दोन पावलं मागे सरकले, कठड्यापर्यंत.

दार उघडलं. मुलगी बारीक झाली होती. ब्लेडनं कापलेल्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. तिनं बापाकडे पाहिलं आणि दाराची कडी मुठीत धरली.

“मी आत येत नाही,” काका घाईघाईनं म्हणाले. “लगेच जातो. तू सांगशील तर परत कधी येणार नाही. इथून हलू नकोस, घर बदलू नकोस, एवढंच. आईनं शब्द मोडलेला नाही. मी शोधलं. मी... त्या दिवशी मी जे केलं...”

दार अर्धं मिटलं. काकांना वाटलं, संपलं.

“आई कुठे आहे?” दाराआडून आवाज आला.

“खाली बसलीय. तिला जिना चढवत नाही.”

“का? गुडघा दुखतोय का अजून?”

“तिला दिसत नाही, बाळा. गेल्या गुरुवारी या जिन्यात पडली ती. तुला सांगितलं नाही. मलाही नाही सांगितलं.”

दार धाडकन उघडलं. मुलगी अनवाणी बाहेर आली, बापाच्या अंगाला घासून गेली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत अंधारात दिसेनाशी झाली. काका कठड्याला धरून उभे राहिले. खालून आधी तिचं ओरडणं आलं, “कधीपासून? कधीपासून गं? मला का नाही सांगितलंस?” मग रडणं, दोघींचं. काका एकेक पायरी उतरत वळणापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पुढे जायची त्यांना हिंमत होईना.

थोड्या वेळानं दोघी वर येताना दिसल्या. मुलीनं आईचा उजवा हात धरला होता. आईचा डावा हात भिंत चाचपडत होता, पण वळणावर भिंत संपत होती.

मुलीनं मान वर केली. डोळे लाल, आवाज कोरडा.

“बघत काय उभे राहिलात? तो हात धरा तिचा.”

काका खाली आले. त्यांनी हात धरला. जिना तिघांना पुरत नव्हता. त्यांचा खांदा भिंतीला घासत होता. मुलगी समोर बघत होती, बापाकडे नाही.

“पायरी,” ती आईला म्हणाली. “पायरी. आता वळण. पायरी.”

दुसऱ्या मजल्यावर मुलीला धाप लागली, श्वास घ्यायला ती गप्प झाली. आईचं पाऊल हवेत अडलं.

“पायरी,” काका म्हणाले.